वाचकांचे प्रश्न : उंबराचे फूल आणि दुधीचा रात्रीचा पाहुणा

वटपौर्णिमा झाली की बडोद्याच्या वाचकांकडून वडाविषयीचे प्रश्न हमखास येतात. या शहराचे नावच वडावरून आलेले; इ.स. ८१२ च्या ताम्रपटात ते ‘वटपद्रक’ असे आढळते. यंदा अनेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी विचारली आहे: फुलाने कीटकाला घडवले की कीटकाने फुलाला? काहींना मात्र अगाशीतल्या दुधीची आणि वांग्याची काळजी आहे. ती काळजीही याच प्रश्नाच्या पोटातली आहे, म्हणून सगळी उत्तरे एकत्र देत आहोत.

‘उंबराचे फूल’ म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, असे लहानपणापासून ऐकतो. कमाटीबागेतल्या वडांनाही कधी फुले दिसली नाहीत. फूल नाही तर फळ येते कुठून?
— एक वाचक, रावपुरा

फुले असतात. वडाच्या एका फळात शेकडो, उंबराच्या एका फळात हजारो. पण ती आत तोंड करून बसलेली असतात. सूर्यफुलाची तबकडी घेतली, तिच्या कडा वर उचलल्या आणि तोंड आवळले तर जी थैली होईल, तेच आपले उंबर. थैलीच्या टोकाला एक बारीक भोक आणि त्यावर खवल्यांची घट्ट झडप. तिथून वारा पराग नेऊ शकत नाही, मधमाशीही शिरू शकत नाही.

शिरते ती फक्त गांधीलमाशीच्या कुळातली, जेमतेम दोन मिलिमीटरची एक माशी. तिला इथे उंबरमाशी म्हणू. वडाची वेगळी, तिचे शास्त्रीय नाव युप्रिस्टिना मॅसोनी. उंबराची वेगळी, सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. पिंपळाची आणखी तिसरी. आतली स्त्रीफुले तयार झाली की फळ आपला खास गंध सोडते आणि त्या गंधावर ज्याची त्याची माशी येते. झडपेतून घुसताना मादीचे पंख आणि मिशांचे तुकडे मोडून पडतात. तिला परत यायचेच नसते. आत पोचल्यावर ती छातीच्या खालच्या दोन खोबणींतून पराग काढून फुलांच्या कुक्षींवर, म्हणजे पराग धरणाऱ्या टोकांवर, ठेवते. तो अंगाला चुकून चिकटलेला पराग नसतो. ज्या फळात ती जन्मली तिथून तिने तो पायांनी भरून आणलेला असतो. या परागाच्या पिशव्या शास्त्रज्ञांच्या नजरेत भरल्या त्या १९६९ मध्ये. पराग ठेवता ठेवता ती काही फुलांत एकेक अंडे घालते आणि तिथेच मरते.

ज्या फुलात अंडे पडले तिथे गाठ होते व अळी वाढते. ज्याला नुसता पराग मिळाला तिथे बी धरते. उन्हाळ्यात साधारण महिन्याभराने आधी बिनपंखी नर गाठींतून निघतात, अजून गाठीतच असलेल्या माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीतून बोगदा पाडतात आणि मरतात. नेमकी त्याच वेळी फळातली पुंफुले पिकलेली असतात. माद्या पराग भरून घेतात आणि बोगद्यातून उडतात. पुढे त्यांच्या हाती एक-दोन दिवस असतात.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर वडापेक्षा उंबर बरे, फळ मोठे असते. एकाच झाडाची वेगवेगळ्या वेळी फळे आणा, कारण एका झाडावरची फळे बहुधा एकाच टप्प्यात असतात. सुरीला गोडेतेल लावा, नाहीतर चिकाने पाते धरते. तो हात डोळ्यांना लावू नका. देठापासून झडपेपर्यंत उभे कापा आणि दहापट भिंग धरा. लहान, टणक फळात झडपेपाशी मोडलेल्या पंखांचे तुकडे दिसले तर माशी नुकती आत गेली आहे. मधल्या टप्प्यात पिवळट टणक बिया आणि त्यांच्यापेक्षा फुगीर, टोचल्यावर आत अळी सापडणाऱ्या गाठी वेगळ्या ओळखू येतात. माश्या बाहेर पडताना पाहायच्या तर पूर्ण वाढलेली पण अजून न मऊ झालेली पाच-सहा फळे रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, तोंडाला मलमलीचे दुहेरी फडके बांधा, सावलीत ठेवा आणि दोन-तीन दिवस भल्या पहाटे बघा. झाकण लावले की बरणीला घाम सुटतो आणि पंख काचेला चिकटतात. लाल, मऊ फळे आणली तर माश्या आधीच निघून गेलेल्या असतात. फार लवकर तोडली तर गाठी सुकतात आणि काहीच निघत नाही. मागे लांब शेपटीसारखा काटा असलेल्या माश्या निघाल्या तर त्या उंबरमाश्या नव्हेत. त्या पराग न आणता बाहेरूनच भिंतीत काटा खुपसून अंडी घालणाऱ्या परजीवी जाती.

माशीच्या अळ्या जर फुलांवरच वाढत असतील, तर तिने सगळ्याच फुलांत अंडी घातली तर? झाडाचा वंशच बुडेल. आणि पराग न आणता नुसती अंडी घातली तर तिला कोण विचारणार?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, प्रतापगंज

या प्रश्नातच सहउत्क्रांतीचे, म्हणजे दोन जीवांनी एकमेकांमुळे बदलत जाण्याचे, मर्म आहे. झाड आणि माशी मित्र नाहीत. दोघे आपापला वंश वाढवायला बसलेत, आणि दोघांनाही एकमेकांचा हात धरून ठेवावा लागतो.

पहिला अडसर लांबीचा. फळातल्या फुलांचे कुक्षिवृंत, म्हणजे कुक्षीपासून अंडाशयापर्यंतच्या नळ्या, कमीजास्त लांबीच्या असतात. आखूड नळीच्या फुलाचे अंडाशय आतल्या पोकळीजवळ, लांब नळीच्या फुलाचे बाहेरच्या भिंतीजवळ. लांब नळीतून अंडे घालणे माशीला जड जाते, म्हणून ती फुले बहुधा बियांसाठी उरतात. यात त्या परजीवी माश्यांचाही हात आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फायकस रुबिजिनोसा या झाडावरच्या कामात दिसले, की बाहेरून खुपसलेला काटा भिंतीजवळच्या गाठींपर्यंत सहज पोचतो, आतल्या गाठींपर्यंत नाही. म्हणजे बाहेरच्या फुलांत अंडे घालणाऱ्या मादीची पिल्ले मारली जातात, आतल्या फुलांवर समाधान मानणारीची वाचतात. शत्रूच्या धाकाने माशी आपल्या वाट्यात राहते आणि बाकीचा वाटा झाडाला मिळतो. आम्हाला या विषयातला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

दुसरा अडसर शिक्षेचा. पनामातल्या जातींवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही माश्यांना परागाशिवाय फळांत सोडले. ज्या जातींच्या माश्या मुद्दाम पराग भरून नेतात, त्या झाडांनी अशी फळे मोठ्या प्रमाणात गाळून टाकली, आतल्या अळ्यांसकट. जी टिकली त्यांतही पिल्ले कमी झाली. झाडाला ‘कळत’ नाही. बी न धरलेल्या फळाला अन्नरस कमी पोचतो, एवढेच. पण परिणाम शिक्षेसारखाच. वडाखाली पडलेली कच्ची हिरवी फळे दिसतात त्यांतली बरीच माशी न पोचल्याने किंवा बी न धरल्याने गळालेली असतात.

तरीही लबाड सापडतातच. चीनमध्ये नांदरुकाच्या, म्हणजे वडाच्याच कुळातल्या एका झाडाच्या, फळांत, खऱ्या माशीच्या जवळच्या नात्यातली पण पराग न नेणारी एक जात शिरते. एक झाड, एक माशी हा नियमही पूर्वी समजत होते तितका कडक नाही. पुष्कळ झाडांच्या एका माशीत हुबेहूब दिसणाऱ्या दोन-तीन जाती निघाल्या आहेत.

मग अंजीर शाकाहारी म्हणायचे का? आमचे जैन शेजारी वड, पिंपळ, उंबर यांची फळे वर्ज्य मानतात.
— एक गृहिणी, दांडिया बाजार

तुमच्या शेजाऱ्यांची परंपरा निरीक्षणावर उभी आहे. जैन आचारातल्या पंच उदुंबरांत वड, पिंपळ आणि उंबर आहेतच. या झाडांच्या एकाच फळात बी आणि माशी दोन्ही वाढतात. माद्या उडून गेल्या तरी नर आतच मेलेले असतात. पिकलेल्या उंबरात कीटक नाही असे होत नाही.

खायच्या अंजिराचे गणित निराळे आहे. त्याची नरझाडे वेगळी, मादीझाडे वेगळी. मादीझाडाच्या फुलांच्या नळ्या इतक्या लांब असतात की माशीला अंडे घालताच येत नाही. ती पराग देते आणि मरते. तुर्कस्तानातल्या स्मिर्ना जातीला ही माशी लागतेच. शेतकरी नरझाडाची फळे आणून मादीझाडांवर टांगतात. कॅलिफोर्नियात स्मिर्नाची झाडे आधी आली आणि फळे काही धरेनात. १८९९ मध्ये माशी आणून सोडल्यावर ती धरू लागली. पण पुरंदर तालुक्यातून येणारे पुणे अंजीर परागाशिवायच फळते. त्याला माशीची गरज नाही. तेव्हा ताजे पुणे अंजीर निर्धास्त खावे. सुके परदेशी अंजीर घेताना जात विचारावी. स्मिर्ना असेल तर त्याला माशी लागलेली असणार, पुढचा निर्णय ज्याचा त्याचा.

लांब सोंडेचा पतंग आधी की लांब नळीचे फूल आधी?
— निवृत्त शिक्षक, मांजलपूर

हा प्रश्न मादागास्करच्या एका पांढऱ्या ऑर्किडने जगासमोर आणला. अँग्रेकम सेस्क्विपेडेल या फुलाची मधाची नळी सुमारे ३० सेंटिमीटर लांब, आणि मध फक्त तळाशी. १८६२ मध्ये डार्विनने लिहिले, की एवढ्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करात असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. डार्विनची मांडणी अशी: सोंड नळीपेक्षा लांब असेल तर पतंग लांबूनच मध पितो आणि डोके फुलाला टेकत नाही, पराग जात नाही. म्हणून थोडी जास्त लांब नळी असलेली फुले जास्त बी धरतात. मग लांब सोंडेच्या पतंगांना जास्त मध मिळतो. दोघे एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या पुढे ढकलत राहतात.

पण प्रत्येक लांब नळीची हकिकत अशी नसते. उत्तर अमेरिकेतल्या ॲक्विलेजिया या फुलझाडावर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नळ्या हळूहळू न वाढता टप्प्याटप्प्याने लांबलेल्या दिसल्या: मधमाशीकडून गुंजन पक्ष्याकडे (हमिंगबर्ड), मग पतंगाकडे असा पाहुणा बदलला तेव्हा. तिथे सोंड आधीच लांब होती, फूल तिच्या मापाला आले. म्हणून ‘सहउत्क्रांती’ हा शब्द जपून वापरावा. दोन्ही बाजू एकमेकींमुळे बदलल्याचा पुरावा असेल तरच तो खरा.

अगाशीत दुधीचा वेल भरगच्च आहे. मादी फुले येतात, पण इवलेसे फळ चार दिवसांत पिवळे पडून गळते. सकाळी मधमाश्या भरपूर असतात. खत कमी पडते का?
— एक वाचक, अलकापुरी

खत नव्हे. तुमच्या मधमाश्या सकाळी येतात आणि दुधी संध्याकाळी फुलते. पांढरे, मोठे, अंधारात उठून दिसणारे फूल हे रात्रीच्या पाहुण्याचे आमंत्रण आहे. हॉकमॉथ नावाचे, हवेत एका जागी तरंगत मध पिणारे जाड पतंग हे त्याचे मुख्य गिऱ्हाईक. दुधी मूळची आफ्रिकेची. तिथल्या पतंगांशी जुळलेला साचा घेऊन ती इथे आली आणि इथल्या पतंगांनी तिला पत्करले. त्यांतल्या एका मोठ्या जातीच्या अळ्या रताळ्याच्या वेलावर वाढतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावर, रात्रभर लख्ख दिवा आणि आसपास रताळे नाही की तण नाही, अशा ठिकाणी पतंग येणार कसा? स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रात्री दिवे लावलेल्या कुरणांत फुलांवरच्या निशाचर कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या होत्या. अगाशीतला दिवा सात ते दहा बंद ठेवून पाहा.

तोवर हाताने पराग द्या. संध्याकाळी फूल पूर्ण उमलल्यावर, साधारण सात ते नऊच्या दरम्यान, नर फूल देठासह तोडा. नर फुलाचा देठ लांब व बारीक असतो. मादी फुलाच्या मागे लहानशी दुधीच असते. पाकळ्या काढून टाका आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या तिन्ही कुक्षींवर हलक्या हाताने फिरवा. तिन्हींवर. एकाच बाजूला पराग लागला तर फळ वाकडे होते, कारण बिया ज्या बाजूला धरल्या तिथेच गर भरतो. एक नर फूल दोन मादी फुलांना पुरते. देठाला रंगीत दोरा बांधा म्हणजे कोणते टिकले ते कळेल. सकाळपर्यंत थांबलात तर फूल मिटून गेलेले असते. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस नुसती नर फुले येतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

फळ गळण्याचे दुसरे कारण फळमाशी. परागाअभावी गळणारे फळ फुलाच्या टोकाकडून सगळे पिवळे पडत सुकते. फळमाशीने डसलेल्या फळावर टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब दिसतो, आत अळी असते. अशी फळे लगेच तोडून पिशवीत बांधून उन्हात टाका आणि क्यूल्युअरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा, सापळा टांगा.

एक सल्ला मात्र दुधीपुरता उलटा करावा लागतो. ‘फवारणी संध्याकाळी करा, मधमाश्या वाचतात’ असे सगळे सांगतात, आणि वांग्या-काकडीसाठी ते बरोबर आहे. दुधी आणि पडवळावर संध्याकाळी फवारले तर नेमके त्यांच्याच पतंगांवर ते पडते. तिथे निंबोळी अर्क सकाळी, फुले मिटल्यावर आणि ऊन चढण्याआधी, पानांच्या खालच्या बाजूने द्या. घोसाळी, कारली आणि तांबडा भोपळा सकाळी फुलतात. त्यांचा हातपराग सकाळी दहाच्या आत.

वांग्याला फुले खूप, फळे मोजकी. मधमाश्यांची पेटी ठेवली तर उपयोग होईल?
— एक वाचक, मकरपुरा

फारसा नाही. वांग्याचा पराग मिठाच्या डबीत भरल्यासारखा असतो: परागकोशाच्या टोकाला फक्त बारीक भोके. डबी हलवली तरच मीठ पडते. काळे भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या फूल पकडून छातीचे स्नायू थरथरवतात, तो घूं आवाज तुम्ही ऐकला असेल, आणि पराग बाहेर उडतो. आपल्या मधमाश्यांना हे जमत नाही.

फूल तपासल्याशिवाय मात्र काळजी करू नका. वांग्याच्या झाडावर काही फुलांची कुक्षी परागकोशांच्या वर आलेली असते, काहींची बरोबरीला, काहींची आतच दडलेली. शेवटची फळ धरत नाहीत, ती गळणारच. वरच्या कुक्षीची फुलेही गळत असतील तर पराग कमी पडतोय किंवा पारा ३५ अंशांच्या पुढे आहे. मे महिन्यात बडोद्यात हे दुसरे कारण जास्त; दुपारी हिरव्या जाळीची सावली करा. पराग पाडायला सकाळी आठ ते दहा या वेळेत, दातांच्या विजेवर चालणाऱ्या ब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा, पाकळ्यांना नको. एक दिवसाआड पुरे.

कायमचा उपाय म्हणजे भुंग्याला घर देणे. एका बाजूला पेर बंद असलेल्या बांबूच्या १५ ते २० सेंटिमीटर लांब नळ्या, आतून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, अशा आठ-दहा एकत्र बांधून पावसापासून आडोशाला, तोंड पूर्वेकडे करून टांगा. तोंडे थोडी खाली झुकलेली असू द्या, नाहीतर पाणी साठून बुरशी येते. निळ्या पट्ट्यांच्या माश्या मातीत घरे करतात. त्यांच्यासाठी एका कुंडीत गाळाची माती घट्ट दाबून, पाणी न घालता, तशीच कोरडी ठेवा.

शनिवारी मारुतीसाठी आकड्याची, म्हणजे रुईची फुले तोडताना त्यांत अडकून मेलेल्या माश्या दिसतात. रुई कीटक खाते का?
— एक वाचक, वाडी

नाही. रुईचा पराग सुटा नसतो. मेणासारख्या दोन गोळ्या एका बारीक चिमट्याने जोडलेल्या असतात. मध प्यायला बसलेल्या कीटकाचा पाय फुलाच्या फटीत घसरतो आणि चिमटा त्याला धरतो. काळा भुंगा ताकदीने पाय ओढतो, गोळ्यांची जोडी घेऊन उडतो आणि पुढच्या फुलाच्या फटीत ती सोडतो. लहान माशीला तेवढा जोर नसतो, तिचा पाय अडकून राहतो आणि ती तिथेच सुकते. फूल भुंग्याच्या बळावर बेतलेले आहे. सुईने फटीतून वर ओढा, म्हणजे काळ्या ठिपक्याला लटकलेल्या दोन पिवळ्या गोळ्या सुईवर येतील. चीक डोळ्यांना फार वाईट, तेव्हा आधी फूल तोडून चीक गळू द्या, मग सुई लावा.

आमच्या सोसायटीत एकच वड आहे. जवळपास दुसरा नाही. त्याला माशी मिळत असेल का?
— सोसायटीचे चिटणीस, गोत्री

मिळते. एका वडाची फळे एकदम पिकतात, म्हणून निघालेल्या माश्यांना त्याच झाडावर जागा नसते. त्यांना दुसऱ्या टप्प्यातला वड शोधावाच लागतो. त्या माश्या झाडांच्या शेंड्यांवरून वाऱ्यात चढतात आणि वाहत जातात. नामिबियातल्या उगाब नदीकाठच्या अंजीरवर्गीय झाडांवर अनुवांशिक चाचण्यांनी दाखवले, की अशा माश्या १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतात. भरूचजवळचा नर्मदेतला कबीरवडसुद्धा तुमच्या वडाच्या टप्प्यात येतो. माशी पोचली की नाही, ते तुम्हीच तपासा: पिकून पडलेली पाच फळे फोडा. आत टणक बारीक बिया असतील आणि भिंतीला टाचणीएवढे भोक असेल, तर माशी येऊन गेली आणि तिच्या लेकी उडाल्याही.